मुक्या खेळाची बडबड

बुद्धिबळ हा तोंड मिटून खेळायचा खेळ आहे. पत्त्यांत पानागणिक तोंड चालतं, कॅरममध्ये राणी गेली की घर डोक्यावर घेतलं जातं, आणि क्रिकेट तर मैदानापेक्षा कट्ट्यावरच जास्त खेळलं जातं. बुद्धिबळात दोन माणसं चार-चार तास समोरासमोर बसतात, एकमेकांचा राजा कसा कोंडावा याचे बेत करतात, आणि एवढ्या वेळात बोलतात काय, तर ‘शह’. हल्ली स्पर्धांत तेवढंही बोलत नाहीत. बघ्यांनी बोलू नये असाही नियम आहे. आपल्याकडे ओसरीवर मांडलेल्या पटाभोवती तो कुणी पाळल्याचं ऐकिवात नाही, पण नियम आहे. आता एवढं बोलणं गिळून घरी गेलेल्या माणसाचं पुढे काय होत असेल? माझं मत असं, की त्यांतली बरीचशी मुकाट्यानं झोपी जातात आणि उरलेली मासिक काढतात.

हे मत मी उगाच ठोकून देत नाही. बुद्धिबळाची जुनी मासिकं जमवण्याचा मला नाद आहे. खेळाचा म्हणाल, तर तो बेताचाच. आमच्या इमारतीतला सातवीतला मुलगा माझ्याशी खेळताना एकीकडे गृहपाठ उरकतो. माझा संग्रहही काही फार मोठा नाही. कपाटाचा दीड खण, त्यात काही मूळ अंक, काही बांधीव खंड, आणि ज्यांच्या किमती ऐकूनच हात मागे घ्यावा अशांच्या अलीकडे निघालेल्या पुनर्मुद्रित आवृत्त्या. बाकीचं संगणकाच्या पडद्यावर, कुठल्या कुठल्या ग्रंथालयांनी पानंपानं छायाचित्रित करून ठेवलेलं. त्या छायाचित्रांत मधूनच पान धरणाऱ्या कुणाचा तरी अंगठाही उमटलेला असतो.

“अहो, पण हे डाव तर खेळून झालेत ना?” असं आमच्या घरात मला विचारलं गेलं आहे. प्रश्न बिनतोड आहे. डाव खेळून झालेत, इतकंच काय, एकोणिसाव्या शतकातले गाजलेले सगळे डाव आता मोबाइलमध्ये फुकट मिळतात. पण त्यात मिळतात त्या नुसत्या चाली. कोण हरला ते कळतं. हरल्यावर तो काय काय बोलला ते कळत नाही. ते मासिकात असतं.

पहिलं मासिक निघालं पॅरिसला, १८३६ साली. नाव ‘ल पालामेद’. ट्रॉयच्या लढाईतल्या पालामीडिस नावाच्या ग्रीक वीरानं वेढ्यात कंटाळलेल्या शिपायांसाठी पटावरचे खेळ शोधले, अशी दंतकथा आहे, त्यावरून हे नाव. काढणारे दोघे : त्या काळचा जगातला सर्वांत बलाढ्य खेळाडू लाबुर्दोने, आणि जोसेफ मेरी नावाचा कवी. लाबुर्दोनेनं दोनच वर्षांपूर्वी लंडनला जाऊन बेलफास्टच्या मॅक्डोनेलला लागोपाठच्या सामन्यांत हरवलं होतं. एकूण ८५ डाव झाले होते. वॉटर्लूला जे गेलं ते पटावर परत मिळालं, अशा थाटाचं काव्य मेरीनं या विजयावर लिहून टाकलं. म्हणजे बुद्धिबळाच्या पहिल्याच मासिकाच्या दोन संपादकांपैकी एकाचं भांडवल विजय आणि दुसऱ्याचं अतिशयोक्ती. पुढची सगळी मासिकं याच भांडवलावर चालली.

हा लाबुर्दोने माणूस मोठा रंगेल. ज्या दर्यासारंग लाबुर्दोनेनं १७४६ साली इंग्रजांकडून मद्रास घेतलं त्याचा हा नातू, असं सांगतात. घरची इस्टेट होती ती जमिनीच्या सट्ट्यात घालवली, आणि मग ‘काफे द ला रेजांस’मध्ये बसून पैसे लावून डाव खेळायचे, शिकवण्या करायच्या, अशी गुजराण सुरू केली. ज्याचं उत्पन्न असं होतं त्याला मासिक काढण्याची बुद्धी व्हावी, यातच पुढच्या सगळ्या संपादकांची कुंडली आहे. १८३९ साली मासिक बंद पडलं. १८४०च्या डिसेंबरात लाबुर्दोने लंडनमध्ये अठराविश्वं दारिद्र्यात वारला, आणि तिथल्याच केन्सल ग्रीन दफनभूमीत, मॅक्डोनेलच्या जवळच, त्याला जागा मिळाली.

पण खरी गंमत पुढे आहे. ‘पालामेद’ पुन्हा सुरू केलं ते सेंट-आमाँ नावाच्या दारूच्या व्यापाऱ्यानं. तिकडे लंडनमध्ये १८४१ पासून हॉवर्ड स्टाँटनचं ‘चेस प्लेयर्स क्रॉनिकल’ निघत होतं. आणि १८४३ साली, जगातला पहिल्या नंबरचा खेळाडू कोण हे ठरवायला पॅरिसमध्ये जो सामना झाला, तो या दोन संपादकांमध्येच झाला! २१ डाव. स्टाँटननं ११ जिंकले, ६ हरला, ४ बरोबरीत सुटले. पटावरचं भांडण तिथे संपलं. परतीचा सामना व्हायचा होता, स्टाँटन त्यासाठी पॅरिसला गेला आणि न्यूमोनियानं आजारी पडला, सामना राहिला. मग तो का राहिला, अटी कुणी मोडल्या, कोण कुणाला भ्यालं, हे दोघांनीही आपापल्या मासिकांत पानंच्या पानं लिहून मांडलं. दोन्ही बाजूंना स्वतःचा छापखाना असल्यावर भांडण मिटण्याचं कारणच काय?

स्टाँटन शेक्सपिअरचा अभ्यासक होता, भाषेवर हुकूमत होती, आणि जिभेला हाड नव्हतं. त्याच्या मासिकात आणि नंतर ‘इलस्ट्रेटेड लंडन न्यूज’मधल्या त्याच्या साप्ताहिक सदरात वाचकांना उत्तरं छापलेली असत. प्रश्न छापत नसत, नुसती उत्तरं. जागा वाचवण्यासाठी ही पद्धत, पण वाचणाऱ्याची काय चैन! अमुक आद्याक्षरांच्या गृहस्थांनी सुचवलेली खेळी चालणार नाही, कारण तशी ती नियमातच बसत नाही. तमुक गावच्या मंडळानं पाठवलेला डाव छापण्याच्या लायकीचा नाही. आणखी कुणाला नुसतंच, ‘नाही.’ काय विचारलं असेल त्या बापड्यानं? मी या ‘नाही’वर संध्याकाळी घालवल्या आहेत. यांतले काही पत्रलेखक स्टाँटननं स्वतःच जन्माला घातले होते, असा संशय त्या काळीही घेतला जाई. कारण त्याला ज्याच्याबद्दल जे बोलायचं असे तेच नेमकं कुणीतरी पत्रातून विचारलेलं असे.

जाहिरातीचंही तसंच. १८४९ साली जेक्स या लंडनच्या कंपनीनं नव्या घडणीच्या सोंगट्या बाजारात आणल्या, त्यांना स्टाँटनचं नाव दिलं, आणि स्टाँटननं आपल्याच सदरात त्यांची मोकळ्या मनानं स्तुती केली. आज आपल्या खेळाच्या दुकानात जो पट मिळतो, त्यात मानेची आयाळ कोरलेला घोडा आणि बुरुजाच्या आकाराचा हत्ती असतो, तो याच घडणीचा. दीडशेहून जास्त वर्षं टिकलेली संपादकीय शिफारस मला दुसरी ठाऊक नाही.

याच ‘क्रॉनिकल’च्या फेब्रुवारी १८४५च्या अंकात एक कोडं आलं. पांढऱ्यानं चार खेळ्यांत मात करायची. पाठवणाऱ्याचं टोपणनाव : ‘शागीर्द’. मुक्काम दिल्ली. लंडनच्या मासिकात इंग्रजी अक्षरांत छापलेला हा आपला शागीर्द पहिल्यांदा दिसला तेव्हा मला कुणीतरी गावाकडचं भेटल्यासारखं झालं. हा शागीर्द म्हणजे दिल्लीतला एक पाद्री, हेन्री ऑगस्टस लव्हडे. त्याच्या कोड्यात पांढरा उंट कारण नसताना लांब कोपऱ्याकडे जाऊन बसतो. मग हत्ती त्याच्याच वाटेत आडवा येऊन उभा राहतो. हा शुद्ध वेडेपणा वाटतो. पण त्यामुळे कोंडलेल्या काळ्या राजाला एक घर मोकळं होतं, डाव बरोबरीत सुटायचा टळतो, राजा बिचारा त्या घरात पाऊल टाकतो, आणि मग हत्ती बाजूला सरकला की मागे दबा धरून बसलेल्या उंटाचा शह आणि मात. युरोपातल्या कोडी रचणाऱ्यांनी असली कल्पना पाहिली नव्हती. ‘इंडियन प्रॉब्लेम’ या नावानं ते गाजलं, त्याच्या नकला झाल्या, आणि १९०३ साली कोत्झ आणि कोकेलकोर्न या दोन जर्मनांनी या एका कोड्यावर अख्खं पुस्तक लिहिलं. शागीर्दानं एवढे गुरू कामाला लावले!

त्यानंतर पाच वर्षांनी, १८५०च्या सुमारास, त्याच मासिकात कलकत्त्याहून एक पत्र आलं. जॉन कॉक्रेन हा स्कॉटिश बॅरिस्टर, स्वतः जबरा खेळाडू, तेव्हा कलकत्त्यात होता. तिथल्या बुद्धिबळवाल्यांच्या कानावर आलं, की बाहेर मुफसलात एक ब्राह्मण आहे, तो आजवर कुणाकडून हरलेला नाही. तो महेशचंद्र बॅनर्जी. त्याच्याशी खेळून पाहिल्यावर माणूस अस्सल आहे हे कळलं, त्याला कलकत्त्याला आणलं, आणि कॉक्रेनशी त्याची गाठ पडली. दोघांचे डाव मग ‘क्रॉनिकल’मध्ये छापून येऊ लागले. महेशचंद्र आपल्या जुन्या देशी वळणानं खेळायचे. आपल्याकडे प्याद्याला सुरुवातीची दोन घरांची उडी नसे. म्हणून प्यादी एकेक घर सरकवायची, उंट कोपऱ्यातून तिरपा रोखायचा, मधली जागा समोरच्याला खुशाल घेऊ द्यायची आणि मग ती पोखरायची. लंडनच्या मंडळींना हे जरा गावंढळ वाटलं असावं. पुढे विसाव्या शतकात हीच पद्धत ‘इंडियन डिफेन्स’ म्हणून प्रतिष्ठित झाली, आणि तिचे पोटभेद शिकवायला आता शिकवणीवाले तासाला भरपूर पैसे घेतात. महेशचंद्र बॅनर्जींचं नाव आपल्यापर्यंत पोचलं ते एका मासिकाला पानं भरायची होती म्हणून.

पानं भरणं हे तेव्हा सोपं काम नव्हतं. खिळ्यांचा छापखाना ज्यांनी पाहिला आहे त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. बुद्धिबळाच्या पटाचं चित्र छापायचं, तर त्यासाठी खास खिळे लागतात. सहा प्रकारची मोहरी, दोन रंगांची, आणि प्रत्येक मोहरं पांढऱ्या घरावर वेगळं नि काळ्या घरावर वेगळं, झाले २४. त्यात एक रिकामं पांढरं घर, एक रिकामं काळं. एकूण २६ तऱ्हेचे खिळे. इंग्रजी मुळाक्षरांइतकी ही दुसरी लिपीच. एका चित्राला ६४ खिळे जुळवायचे, तेही उलटे बघत. कंपॉझिटरला बुद्धिबळ येत असेल तर तो चित्र ‘सुधारून’ ठेवणार, आणि येत नसेल तर काळ्या घरावरचा उंट पांढऱ्या घरावर बसवणार. एक प्यादं एक घर सरकलं, की चार खेळ्यांची मात दोन खेळ्यांत तरी होते नाहीतर जन्मात होत नाही. मग पुढच्या महिन्यात चूकभूल. त्याच्या पुढच्या महिन्यात त्या चूकभुलीतली चूकभूल. दरम्यान एखादा निवृत्त कर्नल महिनाभर त्या मूळ कोड्याशी झटून, आपली बुद्धी चालेनाशी झाली असं समजून मृत्युपत्राच्या तयारीला लागलेला असायचा. हा कर्नल माझ्या कल्पनेतला; पण असे कर्नल असणारच.

माझ्याकडच्या एका बांधीव खंडात असाच वाद समासात चाललेला आहे. दोन महायुद्धांच्या मधल्या काळातला ‘ब्रिटिश चेस मॅगझिन’चा खंड, पाठीचं कातडं इतकं जून झालंय, की हातात घेतला की शर्टावर तांबूस भुकटी सांडते. पहिल्या मालकानं प्रत्येक कोड्याशेजारी पेन्सिलीनं ते सुटायला लागलेली मिनिटं लिहिली आहेत. काही ठिकाणी संपादकांचं उत्तर खोडून त्यानं आपलं दिलं आहे. त्याच्याखाली दुसऱ्या कुणाच्या तरी, बहुधा पुढच्या मालकाच्या अक्षरात, निळ्या शाईनं लिहिलंय : ‘मुळीच नाही.’ आणि घोड्याची एक खेळी. मी पट मांडून पाहिलं. निळ्या शाईचं बरोबर आहे. पेन्सिलवाल्याच्या बाजूनं काही निघतं का, हे मी अजून अधूनमधून बघत असतो, कारण त्याच्या मिनिटांवरून माणूस प्रामाणिक वाटतो.

जमवणाऱ्याचं खरं दुःख या बांधणीतच आहे. मासिक सुट्या अंकांनी यायचं. वर्ष संपलं की मुखपान आणि सूची वेगळी मिळायची. मग ग्राहक बारा अंक बाइंडरकडे द्यायचा. तो व्यवस्थित माणूस. अंकाअंकाची रंगीत वेष्टनं आणि जाहिरातींची पानं काढून टाकायचा, कडा कापून सारख्या करायचा, जुजबंदी करून सोनेरी अक्षरांत साल घालून द्यायचा. त्यामुळे शंभर-दीडशे वर्षांपूर्वीचे डाव सगळे शाबूत राहिले आणि ज्यात त्या काळाचा वास होता तेच नेमकं रद्दीत गेलं. हस्तिदंती सोंगट्यांचे भाव काय होते, कुठल्या कॉफीगृहात किती पट मांडलेले असत, शिकवणीचा दर काय, हे वेष्टनावर असायचं. म्हणून आज विक्रेत्यांच्या याद्यांत ‘मूळ वेष्टनासह’ एवढे शब्द असले की किंमत कुठच्या कुठे जाते. आमच्यासारख्यांना बाइंडरनं आळस केलेला अंक हवा असतो. नीटनेटकेपणानं इतिहासाचं जेवढं नुकसान केलं तेवढं कसरीनंसुद्धा केलेलं नाही.

जमवणारे संपादकांतही होते. बर्लिनमध्ये लुडविग ब्लेडो नावाचा गणिताचा शिक्षक होता. तिथल्या सात खेळाडूंच्या टोळक्याला कृत्तिका म्हणत, त्यातला हा ज्येष्ठ तारा. त्यानं १८४६च्या जुलैत ‘शाखत्साइटुंग’ काढलं आणि ऑगस्टच्या ६ तारखेला वारला. वय ५१. पुढचे अंक मित्रांनी काढले, मग त्यांच्या मित्रांनी, आणि असं करत करत ते १९८८ पर्यंत चाललं. ब्लेडोची पुस्तकं बर्लिनच्या राजेशाही ग्रंथालयानं विकत घेतली.

अमेरिकेतली हवा निराळी. १८५७ मध्ये न्यूयॉर्कला डॅनियल विलार्ड फिस्कनं ‘चेस मंथली’ काढलं. संपादक म्हणून पुढे पॉल मॉर्फीचंही नाव लागलं. मॉर्फी म्हणजे तेव्हाचा चमत्कारच, पण नाव त्याचं आणि राबणं फिस्कचं. कोड्यांचं खातं सॅम लॉइड नावाच्या पोराकडे. १८५९ साली लॉइड अठरा वर्षांचा असताना या दोघांनी मिळून जे केलं, त्याला मी वाङ्मयीन लबाडीचा उत्तम नमुना मानतो. फिस्कनं गोष्ट लिहिली : स्वीडनचा राजा बारावा चार्ल्स १७१३ मध्ये बेंडेरला तुर्कांच्या वेढ्यात सापडला असताना आपल्या मंत्र्याशी बुद्धिबळ खेळत होता. त्यानं तीन खेळ्यांत मात जाहीर केली, तोच तुर्कांची गोळी खिडकीतून आली आणि त्याचा पांढरा घोडा उडवून गेली. मंत्री दुसरा घोडा द्यायला लागला, तर राजा म्हणे, असू दे, घोड्यावाचून चार खेळ्यांत होते. तेवढ्यात दुसरी गोळी. एक प्यादं गेलं. राजानं पुन्हा पटाकडे पाहिलं आणि पाच खेळ्यांत मात जाहीर केली. यातला प्रत्येक आकडा खरा आहे, तीनही कोडी बिनचूक सुटतात. ती लॉइडची करामत. राजा, गोळ्या, मंत्र्याचा फिकुटलेला चेहरा, सगळं फिस्कचं. वाचणाऱ्यांपैकी किती जणांनी हा इतिहास म्हणून पुढे सांगितला असेल देव जाणे. पुढे एका जर्मन हुशारानं हिशेब मांडला, की पहिल्या गोळीनं घोड्याऐवजी हत्ती उडाला असता तर सहा खेळ्यांत मात होती! असे लोक मला फार आवडतात.

हा फिस्क पुढे कॉर्नेल विद्यापीठाचा ग्रंथपाल आणि आइसलँडच्या भाषेचा मोठा पंडित झाला. उत्तर ध्रुववृत्तावरच्या ग्रीम्से नावाच्या चिमुकल्या बेटावरचे लोक बुद्धिबळवेडे आहेत असं त्याच्या कानावर होतं. म्हणून त्यानं तिथे पट पाठवले, पुस्तकं पाठवली आणि मृत्युपत्रात १२,००० डॉलर ठेवले. ११ नोव्हेंबर हा त्याचा वाढदिवस ते लोक अजून साजरा करतात. मासिक मात्र १८६१ मध्येच मिटलं होतं. बेटाला जे मिळालं त्यातलं थोडं वर्गणीदारांनी मासिकाला दिलं असतं तर, असा विचार मनात येतो. पण वर्गणीदार ही जात कुठल्याच भाषेत वेळेवर पैसे देत नाही.

आता भांडणांचा कळस. विल्हेल्म स्टाइनिट्स प्रागचा, योहानेस त्सुकरटोर्ट पोलंडकडचा, लिओपोल्ड होफर हंगेरीचा. तिघेही पोटासाठी लंडनला आलेले. स्टाइनिट्स ‘द फील्ड’मध्ये सदर लिहायचा. १८८२ मध्ये ते सदर गेलं, आणि पुढे मिळालं ते होफरला. होफर आणि त्सुकरटोर्ट मिळून १८७९ पासून, फिस्कच्या मासिकाच्याच नावाचं पण दुसरं, लंडनचं ‘चेस मंथली’ काढत होतेच. झालं. स्टाइनिट्स अमेरिकेला गेला आणि १८८५च्या जानेवारीत त्यानं ‘इंटरनॅशनल चेस मॅगझिन’ सुरू केलं. त्यात ‘वैयक्तिक आणि सर्वसाधारण’ अशा अर्थाच्या मथळ्याचं एक सदर असे. सर्वसाधारण त्यात फारसं काही नसे. तिघांची मातृभाषा इंग्रजी नव्हती, पण बुद्धिबळाच्या इतिहासातल्या अव्वल इंग्रजी शिव्या या तिघांच्याच मासिकांत सापडतात. परक्या भाषेत भांडताना माणसाला संकोच कमी वाटत असावा. इंग्रजी इतिहासकार या सगळ्याला शाईचं युद्ध म्हणतात.

आणि १८८६ मध्ये जगज्जेतेपदाचा पहिला अधिकृत मानला जाणारा सामना झाला, तो कुणाकुणात? स्टाइनिट्स आणि त्सुकरटोर्ट. पुन्हा दोन संपादक! न्यूयॉर्क, सेंट लुईस, न्यू ऑर्लिन्स असा फिरत तो सामना झाला. स्टाइनिट्सनं १० डाव जिंकले, ५ हरला, ५ बरोबरीत. त्सुकरटोर्ट दोन वर्षांत वारला. स्टाइनिट्सचं मासिक १८९१ मध्ये बंद पडलं, आणि १९०० साली तो न्यूयॉर्कमध्ये कफल्लक अवस्थेत गेला. पण त्याचं डावांवरचं विवेचन वाचा : एका खेळीसाठी चार पानं, आपण हरलेला डावही उलटापालटा करून तपासलेला. ज्या माणसाला होफरबद्दल सभ्य वाक्य लिहिता आलं नाही, त्यानं एका प्याद्याच्या कमजोरीबद्दल जो न्यायबुद्धीचा विचार केला आहे, तो वाचताना मला त्याचं सगळं माफ करावंसं वाटतं. त्याला बहुधा तसं नको असेल.

या गदारोळात ‘ब्रिटिश चेस मॅगझिन’चं मूळ अगदी साधं. यॉर्कशायरमधल्या हडर्सफील्ड कॉलेज नावाच्या शाळेचं एक नियतकालिक होतं. त्यात जॉन वॉटकिन्सन हे गृहस्थ बुद्धिबळाचं सदर चालवायचे. सदर वाढत वाढत शाळेलाच जागा उरेना. मग १८८१च्या जानेवारीत त्याचं स्वतंत्र मासिक झालं. ते आजही निघतं. पंजाबातून आलेल्या सुलतान खाननं १९२९, १९३२ आणि १९३३ अशी तीनदा ब्रिटिश अजिंक्यपदं जिंकली तेव्हाचे खंड हाती आले, की मला त्यात मराठी आडनाव शोधायची खोड आहे. सुलतान खान हिंदुस्थानात परतल्यावर १९३५ मध्ये त्याच्याशी दहा डावांचा सामना खेळले ते व्ही. के. खाडिलकर. नऊ हरले, एक बरोबरीत सोडवला. त्या एका अर्ध्या गुणाबद्दल माझ्या मनात फार आदर आहे. सुलतान खाननं माजी जगज्जेत्या कापाब्लांकालाही हरवलं होतं.

दीर्घायुषी संपादकांत पहिला मान न्यूयॉर्कच्या हर्मन हेल्म्सचा. १९०४ मध्ये एका सहकाऱ्याबरोबर ‘अमेरिकन चेस बुलेटिन’ काढलं आणि ते जवळजवळ स्वतःच्या अखेरीपर्यंत चालवलं. १९६३ मध्ये ९३ पूर्ण झाल्याच्या दुसऱ्या दिवशी गेला. आणि धाडसाचा मान मी मॉस्कोच्या ‘६४’ला देईन. कादंबरीकार नाबोकोव्हचं नाव सोव्हिएत देशात छापायची सोय नव्हती. १९८६ मध्ये त्याच्या आठवणींतला एक उतारा तिथे पहिल्यांदा छापला तो या बुद्धिबळाच्या नियतकालिकानं. नाबोकोव्ह कोडी रचायचा, तेवढं निमित्त पुरलं. साहित्यिक मासिकं तेव्हा पुढची खेळी शोधत बसली असावीत.

हे सगळं कुणीतरी नीट जमवून ठेवलं म्हणून आपल्याला बोलता येतं. क्लीव्हलँडच्या जॉन व्हाइट या वकिलानं आयुष्यभर गोळा केलेलं त्या गावच्या सार्वजनिक ग्रंथालयात आहे. हेगच्या राष्ट्रीय ग्रंथालयात तसंच मोठं दालन आहे. फिशर-स्पास्कीच्या १९७२च्या सामन्याचा पंच लोथार श्मिड घरी बांबेर्गला बुद्धिबळाच्या पुस्तकांचा केवढा तरी डोंगर बाळगून होता. जीनो दि फेलिचे या इटालियन गृहस्थानं १८३६ पासूनच्या बुद्धिबळाच्या नियतकालिकांची नुसती यादी केली, तर तिच्यात तीन हजारांहून अधिक नोंदी भरल्या. त्यातली कित्येक दोन-चार अंकांत आटोपलेली. म्हणजे तीन हजारांहून अधिक वेळा कुणीतरी बायकोला सांगितलं असणार, की या वेळी वर्गणीदार मिळतील.

सांगलीचे माझे एक स्नेही आहेत, निवृत्त शिक्षक. तेही याच नादातले; सांगली हे गावच मुळी बुद्धिबळाचं. सध्या आमचा वाद चालू आहे तो सर्वांत दीर्घायुषी मासिक कुठलं यावर. त्यांचं म्हणणं, ब्लेडोचं. १८४६ ते १९८८, म्हणजे १४२ वर्षं. माझं म्हणणं, दुसऱ्या महायुद्धानंतर काही वर्षं ते बंद होतं, ती वजा करा. ‘ब्रिटिश चेस मॅगझिन’ला २०२३ मध्येच १४२ पूर्ण झाली, आणि खंड नाही. यावर त्यांचं पत्र आलं आहे, पोस्टानं, दोन्ही बाजूंनी लिहिलेलं. ‘अहो, युद्धात बंद पडलेलं मासिक हे बंद पडलेलं मासिक नव्हे,’ असा पहिलाच मुद्दा. दुसऱ्या मुद्द्यात माझ्या गणिताबद्दल काही आहे. येत्या रविवारी ते मुलीकडे पुण्याला येणार आहेत, तेव्हा समोरासमोर होईल. १८७२ साली त्या जर्मन मासिकानं आपलं नाव बदललं होतं, हा मुद्दा मी अजून पत्रात काढलेला नाही.